तापी-१६: स्वतःचा प्रोसेसर आणि त्याचा असेंब्लर-कंपायलर, कागदापासून ठिबकच्या व्हॉल्व्हपर्यंत

जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, शहादा इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टला प्रोसेसर घेतला की काम बहुतेक एकाच जागी अडते. व्हेरिलॉग (हार्डवेअर मांडायची भाषा) चालते, दोन आकड्यांची बेरीज वेव्हफॉर्मवर (सिग्नलच्या आलेखावर) दिसते आणि मग पुढे काही होत नाही. कारण त्या प्रोसेसरवर चालवायला प्रोग्रामच नसतो. हाताने बिट लिहून वीस ओळींचा प्रोग्राम होतो, दोनशे ओळींचा होत नाही. म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे: आधी इन्स्ट्रक्शनचा (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा) तक्ता, मग सिम्युलेटर (प्रोसेसरची कॉम्प्युटरवरची नक्कल), मग असेंब्लर (आज्ञांची नावे बिटांत बदलणारा), मग सी कंपायलर (सी भाषेतून असेंब्ली काढणारा) आणि सगळ्यात शेवटी हार्डवेअर. प्रोसेसर आणि त्याची साधने एकाच तक्त्यातून निघाली पाहिजेत. ही एक गोष्ट पाळली तर बाकीच्या चुका दुरुस्त होतात.

आधी एक खरा प्रश्न: स्वतःचा इन्स्ट्रक्शन सेट हवाच का? नुसता चालणारा प्रोसेसर हवा असेल तर रिस्क-फाइव्ह घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत २०१० साली सुरू झालेला हा सेट खुला आहे. त्याच्या ३२-बिट मूळ संचात ४०च्या आसपास इन्स्ट्रक्शन आहेत आणि जीसीसी, एलएलव्हीएम हे दोन्ही कंपायलर त्यासाठी तयार मिळतात. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच सेटवर उभे आहेत. आयआयटी मुंबईच्या अजितने स्पार्क व्ही-८ हा जुना, प्रस्थापित सेट घेतला. तयार सेट घेतला की कंपायलर लिहिण्यात जाणारे निम्मे आयुष्य वाचते. एखादी खास इन्स्ट्रक्शन जोडायची असेल तर त्यासाठीही रिस्क-फाइव्हमध्ये राखीव जागा आहे. स्वतःचा सेट करायचा तो कंपायलर, असेंब्लर, लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडणारा) आतून समजून घेण्यासाठी, किंवा चिप इतकी लहान असेल की ३२ बिट परवडत नाहीत तेव्हा. इथे आपण १६-बिटचा एक सेट घेऊ. त्याला तापी-१६ म्हणू. शेवटी त्याला केळीच्या बागेतला ओलावा वाचून ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे आहेत.

सामान

बोर्ड म्हणून टँग नॅनो ९के पुरतो. त्यावर गोविनची एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशी चिप, आहे. तिच्यात ८६४० लुट (लॉजिकचे लहान तक्ते), ६४८० फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे), १८ किलोबिटचे २६ मेमरी ब्लॉक आणि १८ बाय १८चे २० गुणक आहेत. बोर्डवर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. प्रोग्रामिंग आणि सिरियल पोर्ट दोन्ही एकाच यूएसबी-सी केबलवरून होतात. बोर्ड ऑनलाइनच मागवावा लागतो. केबल मात्र जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कुठेही मिळेल. घेताना एवढे बघा की ती डेटाची केबल आहे, नुसती चार्जिंगची नाही. चार्जिंगच्या केबलने बोर्डवरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही, आणि माणूस दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतो.

कॉम्प्युटरवर लिनक्स, पायथॉन, व्हेरिलॉग चालवून बघायला आयकेरस व्हेरिलॉग किंवा व्हेरिलेटर, वेव्हफॉर्मसाठी जीटीकेवेव्ह, आणि व्हेरिलॉगपासून चिपची जोडणी काढायला योसिस-नेक्स्टपीएनआर ही खुली साखळी किंवा गोविनचे शिक्षणासाठीचे मोफत सॉफ्टवेअर. बिटस्ट्रीम, म्हणजे त्या जोडणीची तयार फाइल, बोर्डवर टाकायला ओपनएफपीजीएलोडर.

तक्ता: कंपायलरला काय लागते ते आधी विचारा

नवखा डिझायनर इन्स्ट्रक्शन सेट करताना हार्डवेअरला काय सोपे जाईल ते बघतो. ते चुकते. सी भाषेला ज्या गोष्टी लागतातच त्यांची यादी आधी काढावी. स्टॅक पॉइंटरपासून (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीचा चालू पत्ता) अमुक अंतरावरची जागा वाचता-लिहिता आली पाहिजे, कारण सगळे लोकल व्हेरिएबल तिथेच असतात. बाइट वाचण्याच्या दोन तऱ्हा हव्यात, चिन्हासह आणि चिन्हाशिवाय. तुलना दोन प्रकारची हवी, कारण ४०,००० हा चिन्हरहित आकडा चिन्हासह वाचला की ऋण होतो. उजवी सरकही (बिट उजवीकडे सरकवणे) दोन प्रकारची हवी. रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या लहान जागेतल्या) पत्त्यावर उडी मारता आली पाहिजे, नाहीतर फंक्शन पॉइंटर आणि स्विच दोन्ही अडतात. आणि कोणताही १६-बिट आकडा दोन इन्स्ट्रक्शनमध्ये रजिस्टरमध्ये आणता आला पाहिजे.

मेमरीचा पत्ता बाइटचा ठेवायचा की १६-बिट शब्दाचा? हार्डवेअरला शब्दाचा सोपा, पण बाइटचाच ठेवा. सी कंपायलर बहुधा 'चार' (char, अक्षराचा प्रकार) म्हणजे ८ बिट हेच धरून लिहिलेले असतात. आपला मजकूर यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतात असतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'जळगाव' या शब्दात ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. शब्दाचा पत्ता ठेवला तर प्रत्येक बाइटसाठी सरकवा-मास्क करा हा उद्योग कंपायलरच्या गळ्यात पडतो.

इन्स्ट्रक्शन १६ बिटांची. पहिले ४ बिट ऑपकोड (कोणती क्रिया ते), रजिस्टर ८, म्हणून प्रत्येकाला ३ बिट. गणिताच्या इन्स्ट्रक्शनला तीन रजिस्टरचे ९ बिट गेले की ३ उरतात. त्यात बरोबर आठ क्रिया बसतात: ॲड, सब, अँड, ऑर, झॉर, डावी सरक, साधी उजवी सरक, चिन्हासह उजवी सरक. सोळा ऑपकोड असे वाटले:

० – सिस्टिम (सगळे शून्य म्हणजे हॉल्ट)
१ – गणिताच्या आठ क्रिया
२ – तुलना, गुणाकार आणि खास क्रिया
३ – ॲड-आय: ६-बिट आकडा मिळवणे
४ – एलडी-आय: चिन्हासह ९-बिट आकडा रजिस्टरमध्ये
५ – एसएच-आय: रजिस्टर ८ बिट डावीकडे सरकवून खाली नवा बाइट बसवणे
६, ७ – शब्द वाचणे, शब्द लिहिणे
८, ९, १० – बाइट चिन्हासह वाचणे, चिन्हाशिवाय वाचणे, लिहिणे
११, १२ – रजिस्टर शून्य असेल तर उडी, नसेल तर उडी
१३ – लांब उडी आणि कॉल
१४ – रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी
१५ – बेकायदा

शून्य आणि पंधराच्या जागा मुद्दाम तशा आहेत. प्रोग्राम भरकटून रिकाम्या मेमरीत गेला की तिथे सगळे शून्य असतात, आणि कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळे एक. शून्याला ॲड दिले असते तर प्रोसेसर रिकाम्या मेमरीतून मुकाट बेरजा करत पुढे गेला असता आणि चूक कुठे झाली ते सापडले नसते. आता तो जागच्या जागी थांबतो.

एलडी-आय आणि एसएच-आय या जोडीने कोणताही आकडा दोन इन्स्ट्रक्शनमध्ये तयार होतो. ४०,९६१ हवा असेल तर आधी १६०, मग एसएच-आयने १ : १६० गुणिले २५६ अधिक १. इथे खालचा बाइट बसवला जातो, मिळवला जात नाही. रिस्क-फाइव्हमध्ये खालचा भाग चिन्हासह मिळवला जातो, म्हणून वरच्या भागात कधीकधी एक जास्तीचा धरावा लागतो. असेंब्लर-लिंकर लिहिणाऱ्याला हा बारकावा छळतो. आपण तो मुळातच टाळला. शिवाय एलडी-आयची मर्यादा उणे २५६ ते २५५ आहे आणि उणे २५६ म्हणजे चिन्हरहित ६५,२८०. सिरियल पोर्ट, टायमर, व्हॉल्व्हचे रजिस्टर असे सगळे बाहेरचे पत्ते ६५,२८० ते ६५,५३५ या वरच्या २५६ बाइटमध्ये ठेवले की त्यातला कुठलाही पत्ता एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये मिळतो.

शब्द वाचण्या-लिहिण्याचे अंतर ६ बिटांचे. ते चिन्हाशिवाय धरा आणि २ने गुणा: ० ते १२६. स्टॅक पॉइंटरपासूनची अंतरे नेहमी धनच असतात, त्यामुळे ऋण बाजूला जागा घालवण्यात अर्थ नाही. चिन्हासह आणि न गुणता ठेवले तर ३१च्या पुढे जाता येत नाही आणि पंधरा-सोळा व्हेरिएबल असलेले फंक्शन लगेच फुगते.

लांब उडीच्या १२ बिटांपैकी एक बिट परतीचा पत्ता ठेवायचा की नाही यासाठी द्या. उरलेले ११ बिट २ने गुणून उणे २०४८ ते २०४६ बाइट. तो एक बिट विसरलात तर प्रत्येक साधी उडी परतीचा पत्ता पुसून टाकते आणि लूप असलेले फंक्शन परत येत नाही.

रजिस्टरचे वाटप आत्ताच लिहून टाका: शून्य ते दोन पॅरामीटर आणि उत्तरासाठी, फंक्शनने त्यांची नासधूस केली तरी चालेल. तीन ते पाच वापरायचे तर आधी जपून ठेवायचे. सहा परतीचा पत्ता, सात स्टॅक पॉइंटर. कॅरी फ्लॅग (बेरजेतला हातचा ठेवणारा बिट) नाही. ३२-बिट बेरीज करायची तर खालचे भाग मिळवा, उत्तर मूळ आकड्यापेक्षा लहान आले का ते चिन्हरहित तुलनेने बघा, आलेला शून्य किंवा एक वरच्या भागांच्या बेरजेत टाका. चार इन्स्ट्रक्शन होतात. फ्लॅग नसले की कंपायलरचे काम फार सोपे होते, कारण मधल्या कुठल्या इन्स्ट्रक्शनने फ्लॅग बिघडवला हा प्रश्नच उरत नाही.

हा तक्ता एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. एका इन्स्ट्रक्शनला एक ओळ: नाव, बिटांचा नमुना, ऑपरंडचे (क्रिया ज्यांच्यावर होते त्यांचे) प्रकार. सिम्युलेटरचा डिकोडर, असेंब्लरचा तक्ता आणि व्हेरिलॉगमधले स्थिरांक हे तिन्ही एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट याच फाइलमधून काढेल. तीन ठिकाणी हाताने लिहिले की पंधरा दिवसांत ते तीन वेगळे प्रोसेसर झालेले असतात. नमुना पडताळायला एक ओळ: ॲड र१, र२, र३ म्हणजे ०००१ ००१ ०१० ०११ ०००, दशमानात ४७६०.

सिम्युलेटर

हा दोन-तीनशे ओळींचा प्रोग्राम आहे, त्यावर फार लिहायला नको. दोन गोष्टी मात्र हव्यातच. विषम पत्त्यावरून शब्द वाचायचा प्रयत्न झाला की त्याने पत्ता छापून थांबावे, समजून घेऊन पुढे जाऊ नये. आणि प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर एक ओळ फाइलमध्ये लिहावी: प्रोग्राम काउंटर, इन्स्ट्रक्शन, कोणत्या रजिस्टरमध्ये काय गेले, मेमरीत कुठे काय लिहिले. ही फाइल पुढे हार्डवेअर तपासताना सोन्याच्या मोलाची ठरते.

असेंब्लर

लवकर हवा असेल तर कस्टमॲझम नावाचे साधन आहे. त्याला तक्ता नियमांच्या स्वरूपात दिला की असेंब्लर तयार. स्वतः लिहायचा तर पायथॉनमध्ये दोन फेऱ्यांचा लिहा: पहिल्या फेरीत लेबलचे पत्ते, दुसऱ्या फेरीत बिट.

गुंतागुंत लहान उडीची आहे. शून्य असेल तर उडी ही इन्स्ट्रक्शन फक्त उणे ५१२ ते ५१० बाइटपर्यंत पोचते. लेबल त्यापलीकडे असेल तर असेंब्लरने अट उलटी करून तिच्या मागे लांब उडी घालायची. पण त्याने कोड २ बाइटने वाढतो आणि आधी पोचणारी दुसरी एखादी उडी आता पोचत नाही. म्हणून बदल थांबेपर्यंत फेऱ्या मारायच्या. नियम एकच: एकदा लांब केलेली उडी परत आखूड करायची नाही. आखूड करायला लागलात की दोन उड्या एकमेकींना आळीपाळीने लांब-आखूड करत बसतात आणि असेंब्लर संपत नाही.

दुसरी चूक अलाइनमेंटची, म्हणजे पत्ता सम ठेवण्याची. प्रोग्राममध्ये 'जळगाव' हा मजकूर आणि त्यामागे लगेच फंक्शन आहे असे समजा. १५ बाइट अधिक शेवटचा शून्य, १६ झाले, पुढचे फंक्शन सम पत्त्यावर आले, सगळे चालले. आता जळगावच्या जागी 'धुळे' लिहा. चिन्हे ४, बाइट १२, शून्यासह १३. फंक्शन विषम पत्त्यावर गेले आणि प्रोग्राम कोसळला. शहराचे नाव बदलल्याने प्रोसेसर बिघडला असे वाटते, चूक मात्र मजकुरामागे अलाइन न लिहिण्याची असते. असेंब्लरने प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या आधी पत्ता सम आहे का ते तपासून स्पष्ट एरर द्यावी.

सी कंपायलर

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे एलसीसी किंवा व्हीबीसीसीसारखा लहान कंपायलर. दुसरी जीसीसी. तिसरी एलएलव्हीएम. पहिल्यांदा करणाऱ्याने पहिलीच वाट धरावी. ख्रिस फ्रेझर आणि डेव्हिड हॅन्सन यांच्या एलसीसीत नवा प्रोसेसर जोडायला मुख्यतः एकच फाइल लिहावी लागते. तिच्यात झाडाच्या आकाराचे नियम असतात: दोन रजिस्टरची १६-बिट बेरीज दिसली तर ही ओळ छाप, स्टॅकवरचा पत्ता दिसला तर ही. एलबर्ग नावाचा छोटा प्रोग्राम त्या नियमांपासून सी कोड तयार करतो. विकायच्या वस्तूत वापरायचा असेल तर परवाना आधी नीट वाचा. नुसत्या शिक्षणाला अडचण नाही.

त्या फाइलमध्ये सुरुवातीलाच आकार द्यायचे असतात: 'चार' (char) १, शॉर्ट २, इंट २, पॉइंटर २. ३२-बिट लाँगसाठी रजिस्टरच्या जोड्या सांभाळाव्या लागतात आणि तिथे नवखा माणूस आठवडे अडकतो. पहिल्या फेरीत लाँगही २ बाइटचाच ठेवा. सी भाषेच्या नियमाप्रमाणे तो किमान ३२ बिटांचा हवा, म्हणून ही मर्यादा मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहा. भागाकार हार्डवेअरमध्ये नाही. तो सोळा फेऱ्यांच्या सरकवा-वजा करा पद्धतीने असेंब्लीत लिहून लायब्ररीत टाका आणि कंपायलरला तसे सांगा.

चाचण्यांचा क्रम बदलू नका. रिकामे मेन, मग एक आकडा परत करणारे, मग बेरीज, मग लूप, ॲरे, फंक्शन कॉल, रिकर्शन, स्ट्रक्चर, फंक्शन पॉइंटर. रिकर्शनला फॅक्टोरियल घ्या: ७चे ५०४०, ८चे ४०,३२०. ८चे उत्तर चिन्हासह छापले तर उणे २५,२१६ येते आणि ते बरोबरच आहे. चिन्हरहित छापूनही तेच आले तर तुमचा छापणारा भाग चुकला. उणे ७ भागिले २ हेही तपासा. सीमध्ये उत्तर उणे ३ आहे, पण चिन्हासह उजवी सरक उणे ४ देते. भागाकार वाचवायला कंपायलरमध्ये नुसती सरक वापरली असेल तर इथे उघडे पडेल. मजकुराची चाचणी देवनागरीत करा. 'ज'चा पहिला बाइट २२४ आहे. चिन्हासह वाचला की तो उणे ३२ होतो आणि २२४शी केलेली तुलना खोटी ठरते. साधा 'चार' (char) चिन्हरहित ठेवणे हा आमच्या मते आपल्या लिपीसाठी योग्य निर्णय आहे. एआरएम प्रोसेसरवरही तो बहुधा तसाच असतो.

मेनच्या आधी चालणारा सुरुवातीचा कोड असेंब्लीत लिहावा लागतो: स्टॅक पॉइंटर मेमरीच्या टोकाला, म्हणजे ८ किलोबाइट असेल तर ८१९२वर. मग शून्य किमतीचे ग्लोबल पुसणे, मग मेनला कॉल. यात एक खड्डा आहे. एफपीजीएच्या ब्लॉक मेमरीत सुरुवातीच्या किमती बिटस्ट्रीमबरोबर येतात, त्यामुळे पहिल्यांदा सगळे नीट चालते. रीसेटचे बटण दाबले की मात्र मेमरी पुन्हा भरली जात नाही आणि ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मागच्या फेरीच्या किमती राहतात. म्हणून ग्लोबलच्या मूळ किमतींची एक वेगळी प्रत ठेवा आणि सुरुवातीच्या कोडने ती दरवेळी जागेवर आणावी.

जीसीसीकडे जायचे ते यानंतर. तिथे आधी बिनयुटिल्स पोर्ट करावे (आपल्या प्रोसेसरसाठी जुळवावे) लागते, म्हणजे ऑपकोडचा तक्ता, असेंब्लर, लिंकरचे रिलोकेशन. मग मशीन डिस्क्रिप्शन (प्रोसेसरचे वर्णन), मग लिबजीसीसी आणि न्यूलिब या लायब्ररी. नमुना म्हणून एमएसपी४३० या प्रोसेसरचे पोर्ट वाचा; तोही १६-बिट आहे आणि जीसीसी, एलएलव्हीएम दोन्हींत आहे. एलएलव्हीएम बिल्ड करताना लिंकिंग रॅम खाते. लॅबमध्ये ८ जीबीचे मशीन असेल तर फक्त आपला एक टार्गेट निवडा, रिलीज बिल्ड घ्या आणि एका वेळी एकच लिंक चालेल असे सेट करा.

हार्डवेअर

आता व्हेरिलॉग. पाइपलाइनच्या (अनेक इन्स्ट्रक्शन टप्प्याटप्प्याने एकाच वेळी चालवण्याच्या) मागे लागू नका. एका इन्स्ट्रक्शनला जास्तीत जास्त ५ क्लॉक घेणारी साधी स्टेट मशीन (ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारे सर्किट) करा. २७ मेगाहर्ट्झला सेकंदाला ५४ लाख इन्स्ट्रक्शन होतात. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिटांच्या) सेन्सरचा एक बाइट यायला १.०४ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात ५६०० इन्स्ट्रक्शन होऊन जातात.

मेमरीची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ब्लॉक मेमरी क्लॉकवर चालते: पत्ता दिला की डेटा पुढच्या क्लॉकला येतो. तुम्ही व्हेरिलॉगमध्ये पत्ता दिला की त्याच क्षणी डेटा असे लिहिले तर ते ब्लॉक मेमरीत बसत नाही. मग टूल ती मेमरी फ्लिप-फ्लॉपमधून बांधायला जाते. ८ किलोबाइट म्हणजे ६५,५३६ बिट, आणि चिपमध्ये फ्लिप-फ्लॉप आहेत ६४८०. बिल्ड खूप वेळ चालून जागा पुरत नाही म्हणून पडते. स्टेट मशीनमध्ये वाट बघण्याची एक स्टेट घाला, प्रश्न मिटतो.

बाइट लिहिता यावा म्हणून मेमरीचे ८-बिटचे दोन भाग करा, सम पत्त्यांचा एक आणि विषम पत्त्यांचा एक. प्रत्येकी ४०९६ बाइट, मिळून २६पैकी ४ ब्लॉक. असेंब्लरने दोन फाइल काढाव्यात. भाग उलटे जोडले गेले तर प्रोग्राम सुरूच होणार नाही. फक्त डेटा लिहिताना उलटे झाले असतील तर '१२३४' इंग्रजी अंकांत छापायला सांगितल्यावर '२१४३' येते. ही खूण लक्षात ठेवा.

सिरियल पोर्टला २,७०,००,००० भागिले १,१५,२०० म्हणजे २३४.३७५. २३४ घ्या, चूक ०.१६ टक्के, चालते. बोर्डवरची बटणे आणि दिवे १.८ व्होल्टच्या बँकेवर आहेत. पिनच्या फाइलमध्ये सरसकट ३.३ लिहिले की टूल भांडते. दिवे शून्याला लागतात, एकाला विझतात.

तपासणी अशी: सिम्युलेटरची ओळीओळीची फाइल आणि व्हेरिलॉगने छापलेली तशीच फाइल, दोन्ही शेजारी ठेवून पहिला फरक शोधायचा. वेव्हफॉर्म तोवर उघडूच नका. ४१,०००व्या ओळीपर्यंत सगळे सारखे आणि तिथे एका रजिस्टरमध्ये ६५,५०४ऐवजी २२४ दिसले, तर चिन्हासह बाइट वाचण्यात चिन्ह पसरवले गेले नाही हे ओळ बघताच कळते. मग त्या एका क्लॉकच्या आसपासच वेव्हफॉर्म बघायचा. बोर्डवर टाकण्याआधी कंपायलरच्या सगळ्या चाचण्या या पद्धतीने पार झाल्या पाहिजेत.

खास इन्स्ट्रक्शन म्हणून मोडबस या संदेश-पद्धतीचा सीआरसी (संदेश बिघडला का ते सांगणारा तपासणीचा आकडा) चांगला, कारण ओलाव्याचे आरएस-४८५ तारेवरचे सेन्सर बहुधा मोडबसच बोलतात. खरे तर वेगासाठी त्याची गरज नाही, सॉफ्टवेअरमध्ये एका बाइटला पन्नास-साठ इन्स्ट्रक्शन लागतात आणि तेवढा वेळ आहे. पण नवी इन्स्ट्रक्शन तक्त्यापासून सीपर्यंत कशी नेतात हे शिकायला ती उत्तम, कारण उत्तर ताडून बघता येते. सुरुवात ६५,५३५पासून, पॉलिनॉमियल ४०,९६१. १, ३, ०, ०, ०, १ हे सहा बाइट दिले की २६९२ आले पाहिजे, म्हणजे तारेवर आधी १३२ आणि मग १०. कंपायलरला हात लावू नका. दोन ओळींचे असेंब्ली फंक्शन लिहा, पॅरामीटर शून्य आणि एक रजिस्टरमध्ये येतातच, आणि सीमधून साध्या फंक्शनसारखा कॉल करा.

शेतात

आरएस-४८५साठीची मॅक्स४८५ ही चिप ५ व्होल्टची आहे, तिचे आउटपुट थेट एफपीजीएला जोडू नका. ३.३ व्होल्टचा मॅक्स३४८५ किंवा एसपी३४८५ घ्या. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहम. पाठवताना दिशेची पिन शेवटच्या बाइटचा स्टॉप बिट बाहेर पडल्यावरच सोडा, बफर रिकामा झाल्यावर नाही. नाहीतर शेवटचा बाइट कापला जातो आणि सेन्सर उत्तरच देत नाही. त्यासाठी सिरियल पोर्टच्या स्टेटसमध्ये 'बफर रिकामा' आणि 'पाठवून झाले' असे दोन वेगळे बिट हार्डवेअरमध्येच ठेवा.

वेळ मोजताना १६ बिट फार लवकर संपतात. सेकंदांचा चिन्हासह काउंटर ९ तास ६ मिनिटांनी ऋण होतो, चिन्हरहित १८ तास १२ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतो. शेतीपंपाची लाइट रात्रीच्या पाळीत आली की हे नेमके ओलितात घडते. 'आत्ताची वेळ बंद करायच्या वेळेपेक्षा मोठी' अशी अट लिहू नका. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ चिन्हरहित वजा करा आणि आलेला फरक ठरवलेल्या मुदतीशी ताडा. काउंटर मध्ये फिरला तरी वजाबाकी बरोबर येते.

लाइट जाऊन येणे हे रावेर-यावलकडे रोजचेच धरा. बिटस्ट्रीम एसरॅममध्ये टाकलेला असेल तर लाइट गेली की तो गेला. ओपनएफपीजीएलोडरला फ्लॅशचा पर्याय देऊन टाका. चिप सुरू होताना काही क्षण पिना कोणाच्या ताब्यात नसतात आणि बऱ्याच रिले मॉड्यूलना शून्य म्हणजे 'चालू' असते. प्रत्येक रिलेच्या पिनेला १० किलो-ओहमचा रेझिस्टर 'बंद' बाजूला लावा, म्हणजे लाइट येताच सगळे व्हॉल्व्ह उघडणार नाहीत. २४ व्होल्ट एसीचे व्हॉल्व्ह आणि प्रोसेसर यांचा पुरवठा वेगळा ठेवा, आणि पंपाच्या स्टार्टरच्या पेटीत बोर्ड बसवू नका; कॉन्टॅक्टर बसताना येणारा धक्का बोर्डला रीसेट करतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त होते, म्हणून टायमिंग रिपोर्टमध्ये एका क्लॉकच्या ३७ नॅनोसेकंदांच्या पुष्कळ आत बसणारे डिझाइनच शेतात न्या आणि पेटी सावलीत लावा. पहिले काही दिवस व्हॉल्व्हच्या जागी दिवे लावून चालवा.

तक्ता पुढेमागे बदलेलच. त्यासाठी वरच्या २५६ बाइटमधला एक पत्ता तक्त्याच्या आवृत्तीसाठी राखून ठेवा. असेंब्लरने प्रोग्रामच्या सुरुवातीला तीच आवृत्ती लिहावी आणि सुरुवातीच्या कोडने दोन्ही ताडून, जुळत नसतील तर एक दिवा लुकलुकवत तिथेच थांबावे. सिस्टिम, गणित, एलडी-आय, बाइट वाचणे-लिहिणे आणि उडी या इन्स्ट्रक्शनचे बिट मात्र कुठल्याही आवृत्तीत बदलू नका, कारण ही ताडणी त्यांच्यावरच चालते.